फणस गोव्यातही होतो

मालवण, ११ जून १९६७

लवू,

‘चिरंजीव’ लिहिण्याची हाताला सवय आहे. आज हात आवरला. आशीर्वादही लिहीत नाही. आई गेल्याची तार तुला पोचली होती, तिची पावती माझ्याकडे आहे. तू आला नाहीस, चार ओळीही लिहिल्या नाहीस. आता दहा महिन्यांनी सहा पानी पत्र आले. त्यात आईचा उल्लेख एकदाच, ‘आईच्या वेळी हॉटेलाच्या बँडाशी नवीन करार चालू होता’ म्हणून. बाकी सगळी पाने एका बेस गिटारबद्दल.

तू लिहितोस की नऊ वर्षांपूर्वी वालावलच्या शिवा मेस्त्रीला ती गिटार नेताना बांद्याला कस्टमवाल्यांनी पकडले, ते एका निनावी अर्जामुळे, आणि तो अर्ज माझा होता. नाही. मी अर्ज केला नाही. हे मी कोणत्याही देवळात उभा राहून सांगेन. गोव्याहून चोरून येणारी घड्याळे, पेने आणि रेशीम यांच्या मागावर कस्टमचे लोक त्या वर्षी बांद्याच्या बाजारात रोज फिरत होते. अशा बाजारात एक सुतार चार जाड तारांचे, चकचकीत, कोणी कधी न पाहिलेले वाद्य खांद्यावर घेऊन उभा राहिला, आणि वाद्याच्या माथ्यावर शिंपल्याच्या अक्षरांत ‘मेड इन यू.एस.ए.’ असे जडवलेले होते. अर्ज कशाला लागतो? ती अक्षरे कोणी काढून दिली होती, लवू? शिवाला इंग्रजी येत नव्हते. देवळाच्या खांबावर वेल कोरावी तशी त्याने तुझ्या कागदावरची वळणे शिंपल्यात कापली. आपण काय लिहिले आहे, हे त्याला बांद्याला कळले.

तू विचारतोस, ‘ती गिटार तुझ्याकडे आसा काय?’ माझ्या घरात अमेरिकन गिटार नाही. हे वाक्य मी तीनदा वाचून पाहिले. खरे आहे.

आता मी विचारतो. आपला गणपतीचा पाट कुठे आहे? अठ्ठावन्न साली चतुर्थीच्या आदल्या दिवशी आईने माळा, मांगर, गोठा सगळे उपसले. पणजोबांच्या वेळचा पाट, फणसाचा, तीन बोटे जाड. शेवटी मी शाळेतून टेबल आणले आणि त्यावर गणपती बसवला. आई त्या दिवशी जेवली नाही. पुढे मरेपर्यंत दर चतुर्थीला तिचे एकच वाक्य असायचे, ‘देवाक आमच्याकडे बसाक जागा नाय.’ त्या मे महिन्यात तू मुंबईहून सुट्टीवर आला होतास. वालावलला मित्राच्या लग्नाला म्हणून निघालास, तेव्हा तुझी वळकटी एस.टी.वर चढवताना हमाल म्हणाला होता, ‘ह्येच्यात नवरी भरलंस काय रे?’ आपण तिघेही हसलो होतो. मी जास्तच हसलो होतो.

गुरुदास

मालवण, २ जुलै १९६७

लवू,

‘अमेरिकन नाय म्हणजे दुसरी खंयची तरी आसा मां, भाई?’

आहे. माझ्या माळ्यावर आहे.

साठ साली रत्नागिरीला कस्टमने जप्त मालाचा लिलाव केला. वर्तमानपत्रात यादी होती. घड्याळे, छत्र्या, अत्तराच्या बाटल्या, आणि सर्वांत शेवटी ‘विजेवर चालणारे तंतुवाद्य, विदेशी, नग एक’. मी शाळेत पोटदुखीचा अर्ज दिला आणि गेलो. घड्याळांना झुंबड होती. वाद्य पुढे आले तेव्हा लोक हसले. ‘बॅटीला तारा कशाला लावल्यात हो?’ असे एकजण म्हणाला. बोली लावणारा मी एकटाच. घोंगडीत गुंडाळून एस.टी.च्या टपावरून आणले आणि सावित्रीला सांगितले की शाळेचे आहे, प्रयोगशाळेत जागा नाही. सात वर्षे माझी बायको त्या घोंगडीवरची धूळ झटकते आहे आणि शाळेची वस्तू म्हणून आत हात घालत नाही.

का घेतले, हे त्या दिवशी रोजनिशीत लिहायला बसलो होतो. ‘वस्तू वाया जाऊ नये म्हणून’ असे लिहिले आणि खोडले. त्यापुढची जागा कोरी आहे.

आता तुझ्या मागणीकडे येतो. तुझ्या बँडच्या मास्तरांना जुनी वाद्ये जमवण्याचा नाद आहे. तू त्यांना सांगून बसला आहेस की ही गिटार एकावन्न सालची आहे, अमेरिकेत एका वादकाने खास स्वतःसाठी बनवून घेतलेली, आणि बावन्न साली एका खलाशाने मालवण बंदरात आणली. त्यांना खात्री पटावी म्हणून मी, शास्त्र शिकवणाऱ्या बी.एस्सी. माणसाने, तसे लिहून द्यायचे. ‘तुझ्या सहीक वजन आसा, भाई. ह्यां काम झाला तर त्ये माका बँडात कायमचो घेतले. नायतर हंगाम सरलो की मी रस्त्यार.’

वाद्याची ओळख हवी आहे ना? घे.

धड फणसाचे. तू नेलेस तेव्हा पिवळसर होते, आता गडद तपकिरी झाले आहे. फणसाचे लाकूड कापल्यावरही पिकत राहते. मान सागाची. मानेवरचे ठिपके देवबागच्या वाळूतल्या शिंपल्याचे. चुंबके लढाईतल्या मोडीत निघालेल्या टेलिफोनची, ती तू मुंबईहून आणली होतीस. तारा मात्र खरोखर परदेशी. त्याच लावून पाहण्यासाठी शिवा बांद्याला गेला होता, कारण अशा तारा फक्त गोव्याकडून यायच्या. पाठीमागे, डाव्या कडेला, रोगणाखाली एक काळा गोल डाग आहे, अधेलीएवढा. १९३० च्या चतुर्थीला समई पाटावर कलंडली, तिचा. समई कलंडवली मी. मी नऊ वर्षांचा होतो, तू पाळण्यात होतास. आईने माझा कान असा पिळला होता की दोन दिवस त्या कुशीवर निजता आले नाही. तो डाग मी अंधारात बोटाने ओळखीन.

पाट चोरलास हे तुला आता मान्य आहे, कारण तू लिहितोस, ‘वर्षाचे तीनशे साठ दीस तो पाट माळ्यार पडान असायचो. शिवा म्हणालो, असला जुना, सुकलेला फणस गावाचा नाय. मगे काय करू?’ विचारायचे होतेस. आईने दिला नसता, हे खरे. मीही दिला नसता. पण विचारायचे होतेस.

तेव्हा ही ओळख. शिवा मेस्त्री, वालावल, १९५८. याखेरीज दुसऱ्या कोणत्याही मजकुराखाली मी सही करणार नाही.

गुरुदास

मालवण, २३ जुलै १९६७

लवू,

तुझे पत्र मी सावित्रीच्या हाती पडू दिले नाही. त्यातल्या शिव्यांमुळे नव्हे. शेवटच्या दोन ओळींमुळे.

‘शिवाच्या नावाचो तुका एवढो पुळको आसा, तर त्येका धरल्यानी तेव्हा तू बांद्याक कित्याक गेल्लंस? आमच्या हॉटेलात बांद्याचो एक वेटर आसा. त्येना तुका कस्टमच्या पडवीत बघल्यान.’

गेलो होतो. रोजनिशी काढून बघितली. १२ डिसेंबर १९५८. ‘बांद्यास जाऊन आलो. पोट बरे नाही.’ एवढेच आहे. मी रोज पान-दीड पान लिहिणारा माणूस आहे, हे तुला ठाऊक आहे. लहानपणी तू ते चोरून वाचायचास.

मला शिवानेच बोलावून घेतले. त्याने अधिकाऱ्याला सांगितले होते, ‘मालवणच्या गुरुदास मास्तरांक इचारा. लाकूड तेंच्याच घरातला आसा.’ शिपाई शाळेत आला. मला काही उलगडेना. माझ्या घरातले कसले लाकूड? वाटेत मला वाटले, शिवाने आपल्या बागेतले झाड तोडले असावे.

पडवीत दहा-बारा माणसे होती. दोन पंच, बाजारातले व्यापारी, आणि आमच्या शाळेच्या मंडळाचे एक सभासद, जे नेमके त्या दिवशी बाजाराला आले होते. शिवा खाली उकिडवा बसला होता. मला बघताच उठला. त्याचा चेहरा असा उजळला की पुढचे लिहिणे मला जड जाते आहे. ‘इले! मास्तर इले! आता सांगा ह्यांका.’

अधिकाऱ्याने वाद्य माझ्या हातात दिले. मी ते उलटे केले. डाग दिसला.

लवू, त्या क्षणी मला एकदम सगळे कळले. पाट, वळकटी, हमालाचे बोलणे, आईचा उपास. समोर मंडळाचे सभासद उभे होते. मी म्हटले असते, ‘होय, हा आमच्या गणपतीचा पाट आहे, माझ्या भावाने चोरून बँडवाल्यांच्या वाद्यासाठी दिला’, तर संध्याकाळपर्यंत ते मालवणच्या मासळी-बाजारात पोचले असते आणि दुसऱ्या दिवशी आईच्या कानावर.

‘मास्तर, हे वाद्य तुम्ही ओळखता?’

‘मी हे वाद्य यापूर्वी कधी पाहिलेले नाही.’

‘लाकूड तुमच्या घरचे आहे, असे हा म्हणतो.’

‘फणसाचे असावे.’

‘म्हणजे इकडचेच ना?’

‘फणस गोव्यातही होतो.’

सभासद हसले. ‘बरोबर आहे मास्तरांचे,’ म्हणाले. शिवा हसला नाही. त्याने मला एवढेच विचारले, ‘मास्तरानू?’ जसा एखादा दुसऱ्याला झोपेतून उठवतो, तसे.

तीन उत्तरे, तिन्ही खरी. कोणत्याही कोर्टात मी खोटा ठरणार नाही. आईसाठी केले, असे मी स्वतःला पुष्कळ वर्षे सांगितले. आता आई नाही, तर ते कारण हातात धरून बघतो. आईसाठी थोडे असेल. बाकीचा तुझ्यावरचा राग होता. मला तुला मारायचे होते, आणि समोर तू नव्हतास. शिवा होता.

त्याला तीन महिन्यांची कैद झाली. सुटून आल्यावर वालावलात लोक त्याला ‘अमेरिका’ म्हणू लागले. ‘काय रे अमेरिका, खंय चललंस?’ दशावतारी मंडळी त्याच्याकडून पखवाजाची खोडे करून घेत, ती कुडाळहून घेऊ लागली. तो नंतर करवंट्यांच्या डवल्या, वाढायच्या पळ्या, करायचा. ज्या हाताने ती मान रंधली, त्या हाताने डवल्या. चौसष्ट साली गेला. त्याच्या बाराव्याला मी गेलो नाही. रोजनिशीत त्या तारखेला ‘शाळेत तपासणी’ असे आहे. तपासणी दुसऱ्या दिवशी होती.

तू मला चुगलखोर म्हणालास. चुगलखोराने निदान काहीतरी सांगितलेले असते.

पण तुझ्या हाताला हे पत्र लागले म्हणून तू सुटलास, असे समजू नकोस. तू त्याला ती नऊ अक्षरे कोरायला लावलीस. तो कैदेत असताना तू मुंबईहून एकदाही आला नाहीस, कारण आलास तर ‘गिटार कोणाची’ हा प्रश्न तुझ्यापाशी आला असता. आज तू मला पुन्हा तेच करायला सांगतो आहेस. एकदा मी त्याला ओळख दिली नाही. आता सहीनिशी ओळखू नये, असे तुझे म्हणणे.

गुरुदास

मालवण, १३ ऑगस्ट १९६७

लवू,

तुझे उत्तर आले नाही. तरी लिहितो, कारण मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही, आणि ती परवा वालावलला माझ्यासमोर येऊन बसली.

वाद्य घेऊन शिवाच्या घरी गेलो. त्याची बायको हौसाबाई घरापुढच्या लोट्यावर बसून वळेसार विणत होती. अबोलीची फुले, केळीच्या सोपाचा दोरा. हल्ली ती वळेसार कुडाळच्या बाजारी पाठवते. मी घोंगडी सोडून गिटार तिच्यासमोर ठेवली. तिने पाहिले. हात थांबले नाहीत.

‘आता वळाखलात, मास्तरानू?’

मी म्हणालो, ‘तेव्हाच ओळखले होते.’

‘ता माका ठावक आसा. त्येंका पण ठावक होता.’ तिने एक फूल दोऱ्यात बसवले. ‘त्ये म्हणत, मास्तर खोटा बोलाक नाय हां. फकत खरा बोलाक नाय.’

मला बस म्हणाली नाही. मी उभाच राहिलो. उन्हात खरवतीचे झाड होते. त्याच्या खरखरीत पानांनी त्या दोघांनी ही गिटार घासली होती, तिने बोट दाखवून सांगितले, पंधरा दिवस, पाने झिजली की नवीन. तुझ्या त्या केसासारख्या तांब्याच्या तारेचे वेटोळे तिनेच भरले, हे मला ठाऊक नव्हते. शिवाची बोटे जाड, तार तुटायची. म्हणून ती दुपारी भांडी झाली की बसायची, आणि दर शंभर वेढ्यांना एक आठळी सुपात टाकायची. सूप भरले तेव्हा थांबली.

‘मदी एक डाव तार तुटली,’ ती म्हणाली. ‘त्ये घराक नाय होते. मी सांदलंय आनी वर सोपाची गाठ मारलंय, वळेसाराची मारतंय तशी. झाकण उघडा. असतली.’

मी खिशातून पेचकस काढला. खिशात पेचकस होता, लवू. घरून निघताना मी तो घेतला होता. म्हणजे मला ठाऊक होते की उघडायचे काय ते.

चार स्क्रू. दोन मिनिटे लागली. आत मेणाखाली तारेच्या वेटोळ्यावर केळीच्या सोपाची गाठ होती, वाळून विडीच्या पानासारखी झालेली. जगात कुठल्याही कारखान्यात तशी गाठ मारत नाहीत.

आता मागच्या पत्रात न लिहिलेले. बांद्याच्या पडवीत, माझ्या त्या तीन उत्तरांनंतर, शिवा अधिकाऱ्याला म्हणाला होता, ‘ह्येच्यात माझ्या बायलेची गाठ आसा. उघडा आनी बघा.’ अधिकारी भला माणूस होता. त्याने टेबलाच्या खणातून पेचकस काढून माझ्यापुढे धरला. ‘तुम्ही शास्त्राचे शिक्षक. तुम्हीच उघडा.’

मी म्हणालो, ‘उघडल्यास यंत्र बिघडण्याचा संभव आहे.’

हे चौथे उत्तर. तेही खरे आहे. संभव कशाचाही असतो. मी तुला तीन सांगितली आणि चौथे दाबले. कबुलीजबाब देतानासुद्धा माझा हात आखडता असतो. तुला वाटत असेल की भाई तुझ्यापेक्षा बरा. तसे वाटत असेल तर सोडून दे.

गिटार मी तिच्या लोट्यावर ठेवून आलो. ती ‘ठेवा’ म्हणाली नाही, ‘न्या’ही म्हणाली नाही. मी बांधावरून मागे वळून पाहिले, तेव्हा ती गिटारीवर घोंगडी घालत होती.

गुरुदास

मालवण, २७ ऑगस्ट १९६७

लवू,

‘ती माझी गिटार, मी करून घेतलंय, तू कोण परस्पर त्या बायेक देणारो? वकील घेवन येतंय.’

ये. वकील घेऊन ये. लाकूड आईचे, गाठ हौसाबाईची, हात शिवाचे, लिलावाची पावती माझी. तुझे काय आहे ते वकिलाला विचार.

मी रत्नागिरीच्या कस्टम कार्यालयाला अर्ज धाडला आहे. त्यात बांद्याची चारही उत्तरे, त्यांतील प्रत्येकात मी काय लपवले ते, आणि आतल्या गाठीचे वर्णन आकृतीसह दिले आहे. एक प्रत शाळेच्या मंडळाला दिली. मुख्याध्यापकांनी ती वाचून चष्मा काढला. ‘गुरुदास, तो माणूस मेला. आता हे कोणासाठी?’ पुढच्या वर्षी ते निवृत्त होतील तेव्हा त्यांची खुर्ची मला मिळायची होती, हे तुला माहीत असेलच. आता मिळणार नाही. सावित्रीलाही सगळे सांगितले. ‘म्हणजे सात वर्षां मी तुमच्या पापार फडको मारी होतंय,’ एवढेच ती म्हणाली आणि घोंगडीची जागा झाडून काढली.

तुझ्या बँडच्या मास्तरांनाही मी खरे काय ते लिहिले आहे. तुझी जागा जाईल. ते पत्र टाकताना मी टपालपेटीपाशी बराच वेळ उभा होतो. मी शिवासाठी लिहिले, की तुझ्यावरचा नऊ वर्षांचा राग पुन्हा एकदा चांगल्या कपड्यांत बाहेर काढला? दोन्ही असावे. किती कशाचे, ते मला वेगळे करता आले नाही. पत्र टाकले.

गुरुदास

मालवण, १७ सप्टेंबर १९६७

लवू,

गणपती होऊन गेले. या वर्षीही टेबलावरच बसवला.

तुझे पत्र मिळाले. जागा गेली, हे कळले. वकिलाचा विषय त्यात नव्हता, शिव्याही नव्हत्या. ‘तिना एकदा तरी वाजताना आयकल्यान काय?’ असे तू विचारलेस. नव्हते ऐकले. तिनेच काय, बनवणाऱ्यानेही नाही. विजेशिवाय ही गिटार म्हणजे भिंतीपलीकडून कोणी बोलावे तशी. शिवाला धरले तोवर ती कर्ण्याला जोडून कोणी वाजवलीच नव्हती.

म्हणून गेल्या रविवारी शाळेचा कर्णा, त्याचे आवाज वाढवणारे यंत्र, बॅटरी आणि जोडणीच्या तारा घेऊन वालावलला गेलो. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेतली होती. एस.टी.चा कंडक्टर म्हणाला, ‘मास्तरानू, इलेक्शन सरान सा म्हयने झाले, आता कसलो परचार?’

हौसाबाईने या वेळी चटई टाकली. मी तारा जोडल्या. मला वाजवता येत नाही, हे तू लहानपणापासून सांगत आला आहेस. मी नुसती सर्वांत जाड तार ओढली आणि सोडली.

अंगणातल्या कोंबड्या उधळल्या. बांधापलीकडून कोणी बाई ओरडली, ‘गो हौसा, पावसात बोट खंयसून इली?’

हौसाबाई उठली आणि कर्ण्याच्या तोंडावर तळहात ठेवून उभी राहिली. आवाज विरला तरी हात तसाच.

‘त्येंनी ह्यां आयकूक नाय,’ ती म्हणाली. मग मला म्हणाली, ‘परत.’

मी परत ओढली. आणखी किती वेळा ओढली, ते मोजले नाही. शेवटी ती आत गेली आणि शिवाची पटाशी घेऊन आली. गिटार मांडीवर घेतली, माथ्यावरच्या अक्षरांवर बोट ठेवले.

‘ह्यां काय म्हणता?’

‘अमेरिकेत बनवलेले.’

‘ह्येच्यासाठी तीन म्हयने बसान इले.’

तिने एकेक अक्षर पटाशीच्या टोकाने उपटून काढले. सुताराची बायको, सागाला चरा गेला नाही. एक अक्षर तुटले. अक्षरांच्या जागी खळगे राहिले आहेत, नीट बघितले तर अजून वाचता येतात. तिथे शिवाचे नाव कोरून घेऊ का, असे मी विचारले.

‘कित्याक? माका ठावक आसा. तुमका ठावक आसा. आता सरकाराक लिवन पण धाडलात.’ तिने अक्षरे तळहातावर गोळा केली. ‘ही कोणाची?’

‘लवूची.’

‘मगे त्येका धाडा. माका घरात नको. आनी त्येका सांगा, व्हया तर येवन वाजव. हयसर, ह्या लोट्यार. घेवन जावक गावची नाय.’

मी निरोप पोचवला. यायचे की नाही ते तू ठरव. मी तुला ये म्हणणार नाही. तेवढे मन माझे झालेले नाही. आलास तर वालावलच्या फाट्यावर उतर, इकडे येऊ नकोस. पाठीमागचा समईचा डाग मात्र पुसू नये असे मी हौसाबाईला सांगून ठेवले आहे. तो माझा आहे.

सोबत अक्षरे आहेत. आठ सबंध, एक तुटके. पाकीट जपून उघड, शिंपल्याला धार असते.

भाई